हाळी आणि ओ

बाईंना मागून हाक मारून काही उपयोग नसायचा. तुम्ही मॅडम म्हणा, बाई म्हणा, नावाने हाक मारा, त्या आपल्या चालत राहायच्या. हातात फाईल घेऊन त्यांच्यामागे धावणारा माणूस हे आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यातलं रोजचं दृश्य होतं. धावत पुढे जायचं, वळायचं आणि त्यांच्या तोंडासमोर उभं राहायचं. मग त्या थांबायच्या, आपल्याला नीट निरखायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोला." नव्या माणसाला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येतं. जुन्यांना वाटायचं, शिष्ट आहेत. माझं दोन्ही वाटून झालं होतं.

आमचं कॉलेज मलकापूरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, चारी बाजूंनी ऊस असलेल्या माळावर. मी तिथे गणित शिकवत होतो आणि साताऱ्याहून एसटीने ये-जा करत होतो. बाई कॉलेजचं नेटवर्क सांभाळायच्या. इंजिनिअर होत्या, पहिल्या वर्गात पास झालेल्या. माहेर, सासर, सगळं काही माण तालुक्यातलं एकच घर, कारण लग्न केलं नव्हतं. घर मेंढपाळांचं. वडील अजूनही पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडत आणि बाईंच्या फोनवर रोज कुठल्या ना कुठल्या वेगळ्याच गावातून त्यांचा फोन येई.

सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथला एसी कायम फुल असायचा, आणि बाई आत अंगावर काळं घोंगडं घेऊन बसायच्या. स्वेटर नाही, शाल नाही, वडिलांचं जुनं घोंगडं. त्याला मेंढरांचा वास यायचा आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. खुर्ची होती, पण त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नाही. यंत्रांच्या कपाटासमोर उकिडव्या बसून, गुडघ्यांवर लॅपटॉप ठेवून काम चालायचं. एकदा आमचे चेअरमन पाहुण्यांना 'आमचं सर्व्हर सेंटर' दाखवायला घेऊन आले. दार उघडलं तर आत अंधुक उजेडात काळं घोंगडं पांघरून कुणीतरी उकिडवं बसलेलं. पाहुणे चक्क मागे सरले.

त्यांचं इंग्रजी पत्रं लिहिण्यापुरतं अगदी स्वच्छ होतं. बोलायच्या मात्र घरच्यासारखंच, प्राचार्यांशीही. माझ्या बोलण्याची त्यांना फार गंमत वाटायची. "सर, तुमी बोलाय लागला की मला बातम्या लागल्यागत वाटतंय," म्हणायच्या. मी म्हणायचो, मग तुमचं बोलणं ऐकून मला कसं वाटतं ते विचारूच नका. दुपारी त्या डब्यात हुलग्याचं माडगं आणायच्या आणि माझ्यापुढे वाटी सरकवायच्या. पहिल्यांदा ते मी केवळ भिडेखातर प्यायलो. पुढे पुढे ती वाटी आली नाही की माझं डोकं दुखायला लागायचं.

नेटवर्कला त्या वाघर म्हणायच्या. मुक्कामाला मेंढरं ज्या दोरीच्या जाळ्यात कोंडतात ती वाघर. कॉलेजची वाघर, हॉस्टेलची वाघर. मी आधी त्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजून सोडून दिलं होतं. मग एका सकाळी माझ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट गेलं. शेजारच्याचं चालू, माझं बंद. पलीकडे चारजणांचं बंद, त्यापुढच्याचं चालू. गुण भरायचा शेवटचा दिवस होता आणि माझा पारा चढला होता. बाई आल्या, त्यांनी माझ्या मशीनवर काहीतरी टाईप करून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमाला परक्यानं ओ दिलीया, सर."

मी म्हटलं, बाई, मराठीत सांगा.

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी इतकी वर्षं शिकवूनसुद्धा इतकं सरळ कुणाला सांगू शकलो नसतो. मशीन सुरू होतं तेव्हा त्याला स्वतःचा नंबर नसतो. नंबराशिवाय नेटवर्कमध्ये काहीच चालत नाही, म्हणून ते उठल्या उठल्या सगळ्या वाघरीला ऐकू जाईल अशी हाळी देतं, कुणी आहे का, मला नंबर द्या. ती हाळी ऐकून नंबर वाटणारा सर्व्हर ओ देतो, हा घे तुझा नंबर, आणि बाहेर जायची वाट अमुक दारातून. मशीन तो नंबर ठरावीक काळापुरता वापरतं आणि मुदत संपत आली की पुन्हा विचारतं. इथवर सगळं ठीक. पण हाळी सगळ्यांना ऐकू जाते, त्यामुळे ओ कुणीही देऊ शकतो. आणि मशीन बहुतेक वेळा ज्याची ओ आधी आली त्याचंच ऐकतं.

"सांजंला मेंढ्या माळावरनं आल्या की कोकरं वरडत सुटत्यात," बाई म्हणाल्या. "पन कोकरू वास घेतं. दुसरीच्या सडाला तोंड लावत न्हाई. ह्या मशीनाला आई वळकत न्हाई, सर. जी ओ आली ती आई."

त्या दिवशी परकी ओ हॉस्टेलमधून येत होती. एका पोराने घरचा वायफायचा डबा आणला होता आणि त्याची तार भिंतीतल्या सॉकेटला भलत्याच बाजूने जोडली होती. तो डबा बिचारा आपल्या समजुतीने सगळ्या कॉलेजला नंबर वाटत बसला होता आणि ज्यांनी ते घेतले त्यांची बाहेरची वाट बंद झाली होती. बाईंनी खोल्या पालथ्या घालून डबा शोधला, त्या पोरावर एका शब्दानेही रागावल्या नाहीत, डबा नीट कसा जोडायचा ते मात्र त्याला दाखवलं.

त्यानंतर त्यांनी राखण बसवायचं ठरवलं. कॉलेजमध्ये ठिकठिकाणी जे स्विच असतात, म्हणजे ओळीने तारा खुपसायच्या भोकांचे चपटे डबे, त्यांनाच ही राखण सांगता येते. प्रत्येक भोकाला बाई दार म्हणायच्या. प्रत्येक दाराला बजावायचं, की तुझ्याकडून हाळी आली तर पुढे जाऊ दे, पण ओ आली तर तिथल्या तिथे गिळून टाक. ओ फक्त एका दाराने यायची, जिथे खऱ्या सर्व्हरकडून येणारी तार आहे. शिवाय कुठल्या दाराला कुठला नंबर गेला हे स्विच ध्यानात ठेवतो, म्हणजे दुसऱ्याचा नंबर लावून कुणी शिरू पाहिलं तर त्याला पकडता येतं. एखादं दार लागोपाठ हाळ्या ठोकायला लागलं तर ते दारच बंद. मला हे फार आवडलं. गणितात असं चोख काही सापडलं की मला आवडतं.

राखण बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कॉलेज बोंबलत उठलं. एकाही मशीनला नंबर नाही. ऑफिस ठप्प, लायब्ररी ठप्प, प्राचार्य कपाळाला हात लावून बसलेले. बाई स्टाफरूममध्ये आल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहीर केलं, "राखन बसवली, पन खऱ्या दारालाच सांगायचं इसरले. त्येची बी ओ गिळली. चूक माजी हाय. चा पिऊन घ्या, तवर हुतंय." तेवढ्या वेळात झालंही. एवढी मोठी चूक एवढ्या ठणठणीत आवाजात कबूल करणारं माणूस आमच्या स्टाफरूमने तोवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे चहा जरा जास्तच वेळ चालला.

तसं पुन्हा होऊ नये म्हणून बाईंनी जिन्याखालच्या कपाटातल्या स्विचच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटाला इलेक्ट्रिशियन हात लावायचा, शिपाई लावायचे, म्हणून चिठ्ठ्या मराठीत. एका दारावर 'भरवशाचं'. बाकीच्या झाडून सगळ्या दारांवर ज्या खोलीची तार असेल तिचं नाव आणि खाली 'बिनभरवशाचं'. मी त्यांना विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह असे दोन शब्द सुचवले होते. त्या म्हणाल्या, "एवढं वाचस्तवर वाघ यिऊन जाईल." आता वाटतं, माझे शब्द घेतले असते तर पुढचं रामायण टळलं असतं, कारण ते कुणी वाचलेच नसते.

इथे आमच्या चेअरमनांविषयी सांगायला हवं. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस, तीस खेड्यांत ओळख, आणि कॉलेज त्यांनी खरोखर स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. मनाने मोकळे, पण नाकावर माशी बसू देत नसत. त्या साली नुकतीच गावच्या सोसायटीची निवडणूक झाली होती आणि विरोधी पॅनेलने त्यांच्याविरुद्ध एकच शब्द घरोघर फिरवला होता. बिनभरवशाचा माणूस. चेअरमन थोडक्यात पडले होते. तेव्हापासून तो शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नसे.

आणि नेमकं त्याच साली बाईंना कायम करायचा विषय संस्थेच्या बैठकीत येणार होता. कित्येक वर्षं त्या करारावर होत्या. दर जूनला नवा कागद आणि पुढच्या जूनपर्यंत धाकधूक. वडिलांचे गुडघे गेले होते. नोकरी कायम झाली की मेंढरं विकायची आणि त्यांना घरी आणून बसवायचं, एवढा एकच बेत बाईंच्या डोक्यात होता. माडग्याची वाटी पुढे सरकवताना एकदा त्यांनी मला तो सांगितला होता. "आबा म्हनत्यात, पगाराचा भरवसा आला की काठी ठिवीन."

आमच्याकडे प्रवेश परीक्षेचं ऑनलाईन केंद्र होतं आणि मी केंद्रप्रमुख. परीक्षेच्या दिवशी पोरांचे आईबाप फाटकाबाहेर उन्हात उभे. सकाळची पाळी विनातक्रार पार पडली. नियमाप्रमाणे सगळी मशीनं बंद झाली, दुपारच्या पाळीसाठी पुन्हा सुरू व्हायची होती, म्हणजे साऱ्या लॅब एकदम हाळी देणार होत्या. मी बाईंकडे खाली गेलो होतो, सगळं ठीक ना एवढं विचारायला. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि चेअरमन आत आले. मागे इलेक्ट्रिशियन, मान खाली घालून.

झालं होतं ते असं. चेअरमनांकडे मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांना भरपूर इंटरनेट मिळावं म्हणून केबिनमध्ये हौसेने एक नवाकोरा वायफायचा डबा जोडण्यात आला होता, हॉस्टेलच्या पोराने जोडला होता तसाच, भलत्या बाजूने. डब्याने पाहुण्यांच्या फोनांना आपल्या मनाचे नंबर वाटले आणि त्या नंबरांना पुढे वाटच नव्हती. केबिनबाहेर बाकीच्या कॉलेजला त्याचा काही त्रास झाला नाही, कारण त्याची ओ दारातच गिळली जात होती. पण पाहुण्यांचं इंटरनेट चालेना. इलेक्ट्रिशियनला कपाट बघायला पाठवलं, त्याने चिठ्ठी वाचली आणि पाहुण्यांच्या देखत जाऊन सांगितलं की साहेब, तुमच्या नावाखाली बिनभरवशाचं लिहिलंय.

चेअरमन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कपाटाजवळ गेले, चष्मा लावला, चिठ्ठी स्वतः वाचली.

"मी हे कॉलेज बांधलं," ते म्हणाले. "आन् माज्याच कॉलेजात मी बिनभरवशाचा व्हय, बाई?"

बाई घोंगडं सावरत उठल्या. त्यांनी चेअरमनांना एकेक दार दाखवलं. हे प्राचार्यांचं, हे ऑफिसचं, हे या सरांचं. मग अगदी पहिल्या दारावर बोट ठेवलं. "आन् ह्ये माजं टेबल. काय लिव्हलंय, सायेब?"

चेअरमनांनी वाचलं. बिनभरवशाचं. अक्षर बाईंचंच होतं.

"मंग तुमचा मानसांवर भरवसाच न्हाई म्हना की."

"मानसांवर हाय, सायेब. दारावर न्हाई. दारात कवा कोन यिऊन हुबं ऱ्हाईल, काय सांगावं? आज तुमच्या दारात त्यो डबा हाय."

हे चेअरमनांना पटलं असं मला वाटलं. पण वर पाहुणे बसले होते आणि त्यांच्यापुढे तो शब्द उच्चारला गेला होता. ते म्हणाले, ते सगळं असू दे, माझं दार आत्ताच्या आत्ता भरवशाचं करा. बाईंनी सांगितलं की तसं केलं तर त्या डब्याची ओ वरच्या लॅबपर्यंत जाईल आणि पोरांची मशीनं भलतेच नंबर घेऊन बसतील. पाळी संपल्यावर डबा नीट जोडून देते, आता नाही. चेअरमन म्हणाले, "बाई, येत्या बैठकीत तुमचा विषय हाय, ध्यानात हाय न्हवं?"

बाईंचा चेहरा मी बघत होतो. त्या वेळी त्यांच्या मनात वडिलांचे गुडघे आले असणार, दुसरं काय येईल? एक आज्ञा टाईप करायची होती फक्त. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि घोंगड्याखाली धरला. म्हणाल्या, "ध्यानात हाय."

मी स्वभावाने भांडणारा नाही, पण मला त्या क्षणी भयंकर राग आला आणि तो बरा आला. मी म्हटलं, साहेब, केंद्रप्रमुख मी आहे, परीक्षा संपेपर्यंत या कपाटाला कुणी हात लावणार नाही, काय लिहून घ्यायचं ते माझ्याकडून घ्या. बातम्यांतल्या मराठीतच म्हटलं. चेअरमनांनी आम्हां दोघांकडे पाहिलं, इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं आणि जिना चढून गेले. वर साऱ्या लॅबमधली मशीनं सुरू झाली, सगळ्यांना आपापले नंबर मिळाले, आणि दुपारची पाळी सकाळसारखीच पार पडली. फाटकाबाहेरच्या आईबापांना यातलं काही कळलं नाही. बाईंनी संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन डबा नीट जोडून दिला. चिठ्ठी होती तशीच ठेवली.

बैठकीत बाईंचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

मी चिडलो, आठवडाभर चेअरमनांशी बोललो नाही, त्यांना ते कळलंही नसावं. बाई चिडल्या नाहीत. बैठकीचं कळलं त्या दिवशी मी त्यांना विचारलं की मागून हाक मारली तर तुम्ही ओ का देत नाही, आणि त्यांनी ते पहिल्यांदाच सांगितलं. लहानपणी मेंढरांमागे रानात असताना वडिलांनी शिकवलं होतं. मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, काय असेल ते पुढे येऊ द्यायचं, तोंड बघायचं आणि मग बोलायचं. तसलं काही मी मानत नाही, असं मी म्हटलं. "मी बी न्हाई मानत," बाई म्हणाल्या. "पन जीभच उचलत न्हाई."

जूनमध्ये त्यांनी नवा कागद घेतला नाही. फलटणकडच्या एका साखर कारखान्यात त्यांना कायमची जागा मिळाली. घोंगडं, लॅपटॉप आणि माडग्याचा डबा घेऊन गेल्या, निरोप समारंभ नको म्हणाल्या. त्यांच्या जागी एक चटपटीत मुलगा आला आणि खुर्चीत बसू लागला. त्याने जुन्या चिठ्ठ्या काढून छापील लावायच्या ठरवल्या, तेव्हा चेअरमन स्वतः खाली आले आणि त्यांनी त्याला अडवलं. आता पाहुणे आले की ते त्यांना मुद्दाम जिन्याखाली नेतात, आपल्या दारावरची चिठ्ठी वाचून दाखवतात आणि खदखदून हसतात. सगळ्यांत पहिल्या दारावर काय लिहिलंय तेही दाखवतात, तेव्हा मात्र हसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी लोणंदला गेलो होतो, मेहुण्याकडे. कांदे घ्यायला बाजाराकडे वळलो तर पलीकडे मेंढ्यांचा बाजार भरलेला. धूळ, ओरडा, सौदे. त्या सगळ्यात मला एक काळं घोंगडं पाठमोरं दिसलं. शेजारी दगडावर एक म्हातारे, पागोटं बांधलेले, काठी गुडघ्यांवर आडवी. त्यांच्या समोरून त्यांची मेंढरं दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत चढत होती, आणि ते एकेकीकडे बघत होते.

मधे गर्दी होती, पुढे जायला वाट नव्हती. उपयोग नाही हे ठाऊक असूनही मी सवयीने हाक मारली. एकदाच.

"ओ, सर," बाई म्हणाल्या. वळल्या नव्हत्या.

म्हाताऱ्यांनी टेम्पोवरची नजर काढून लेकीकडे पाहिलं. "मागनं हाक आली की गं. न बघता ओ दिलीस?"

"भरवशाची हाय, आबा," बाई म्हणाल्या, आणि मग वळल्या.